सोन्याच्या गावांतून पायी: मेलबर्नहून पहिल्यांदा जाणाऱ्यांसाठी

भारतातून आई-वडील मेलबर्नला आले की त्यांचा कार्यक्रम ठरलेलाच असतो. ग्रेट ओशन रोड, फिलिप आयलंडचे पेंग्विन आणि बॅलरॅटचं सॉव्हरिन हिल, म्हणजे सोन्याच्या खाणींच्या काळाचं नव्याने उभारलेलं देखाव्याचं गाव. आम्हीही तेच केलं. घोडागाडी झाली, लाल डगलेवाल्या शिपायांची कवायत झाली, गोळ्यांच्या दुकानात नातवंडांचा हट्ट पुरवून झाला. बाहेर पडताना बाबा म्हणाले, "हे नाटकातलं गाव झालं. खरं गाव कुठाय?"

खरं गाव तिथून जेमतेम दोन किलोमीटरवर होतं आणि आम्ही त्याच्या अंगावरून गाडी पळवत घरी चाललो होतो.

त्यानंतरच्या वर्षांत मी ही गावं गाइडबरोबर पायी पुष्कळ फिरले. पाहुणे आले की हे काम आता माझ्याकडेच येतं. त्यामुळे पहिल्यांदा जाणाऱ्यांचं कुठे चुकतं हे मला चांगलं ठाऊक आहे, कारण त्यातल्या बहुतेक चुका मी स्वतः केल्या आहेत.

निघण्याआधी एक गोष्ट डोक्यात हवी

व्हिक्टोरिया ही न्यू साउथ वेल्सपासून वेगळी वसाहत झाली १ जुलै १८५१ रोजी. त्याच हिवाळ्यात क्लून्सला सोनं सापडल्याची बातमी फुटली, ऑगस्टमध्ये बॅलरॅट, मग कॅसलमेन, आणि वर्ष सरता सरता बेंडिगो. १८५१ मध्ये या वसाहतीची लोकवस्ती सुमारे ७७ हजार होती. दहा वर्षांनी ती ५ लाख ४० हजारांच्या घरात गेली. इंग्लंड, आयर्लंड, जर्मनी, इटली, अमेरिका, चीन, सगळीकडून माणसं बोटीने उतरली आणि तशीच पायी खाणींकडे चालू लागली.

आता नवख्या माणसाची पहिली गफलत. तो बॅलरॅटच्या लिडियर्ड स्ट्रीटवर उभा राहतो, समोरची नाट्यगृहं, बँका, कलादालन बघतो आणि म्हणतो, "वा, सोन्याच्या धावपळीत काय इमारती बांधल्या!" तसं नाही. धावपळीतली माणसं तंबूत राहत होती आणि तंबू मागे काही ठेवत नाहीत. वरवरच्या मातीतलं सोनं थोड्याच वर्षांत संपलं. मग सोनं खोल, गारगोटीच्या दगडात शोधावं लागलं. त्याला यंत्रं लागतात, यंत्रांना भांडवल, भांडवलाला कंपन्या, शेअरबाजार आणि बँका. लिडियर्ड स्ट्रीटवरचं हर मॅजेस्टीज थिएटर १८७५ चं, कलादालनाची इमारत १८९० ची. बेंडिगोचं शॅमरॉक हॉटेल तर १८९७ चं. धावपळ बघायची असेल तर ती इमारतींत दिसत नाही. ती दिसते वाकड्या रस्त्यांत, खड्ड्यांत, ठिकाणांच्या नावांत.

म्हणून साधी सवय लावून घ्या. कुठल्याही इमारतीपुढे उभं राहिलात की आधी तिच्या कपाळावरचं साल वाचा.

कोणतं गाव घ्यायचं

एका दिवसात एकच गाव. दोन करू नका. सकाळी बॅलरॅट आणि दुपारी बेंडिगो असा बेत मी एकदा आखला होता. दोन्हीकडे फक्त गाडी लावायला जागा शोधली.

बॅलरॅट मेलबर्नहून सुमारे ११५ किलोमीटर. मेलबर्नच्या सदर्न क्रॉस स्टेशनहून व्ही-लाइनची आगगाडी साधारण दीड तासात पोचवते आणि शहरातल्या प्रवासाचं मायकी कार्ड तिथेही चालतं. पश्चिम उपनगरांत राहत असाल तर शहरात जायचीही गरज नाही, सनशाइनला चढा. स्टेशन लिडियर्ड स्ट्रीटवरच आहे, म्हणजे उतरलात की फेरी सुरू. पहिल्यांदा जाणाऱ्याला मी डोळे झाकून हेच सांगते.

बेंडिगो साधारण १५० किलोमीटर, गाडीने दोन तास. सोबत वयस्कर माणसं असतील तर उत्तम, कारण चालणं आणि ट्राम यांची सांगड घालता येते. जुनी ट्राम सेंट्रल डेबोरा खाणीपासून निघून गावातून थेट चिनी देवळापर्यंत जाते आणि वाटेत गावाची माहिती ऐकवत राहते. म्हणून तिला 'बोलकी ट्राम' म्हणतात.

कॅसलमेन त्याच बेंडिगो मार्गावर. इमारती कमी, जमीन जास्त. माझं स्वतःचं हे सगळ्यात आवडतं गाव आहे, पण पहिल्याच खेपेला नको.

माल्डन कॅसलमेनपासून जवळच. जुन्या वास्तू जपणाऱ्या नॅशनल ट्रस्ट या संस्थेने १९६६ मध्ये 'नोंद घेण्याजोगं गाव' म्हणून पहिला मान दिला तो या चिमुकल्या गावाला. बीचवर्थ मात्र लांब, तीन तासांचं ड्रायव्हिंग. तिथे मुक्काम करणार असाल तरच जा. सोन्याचे दिवस आणि दरोडेखोर नेड केली अशा दोन विषयांवरच्या वेगवेगळ्या फेऱ्या तिथे निघतात. दोन्ही एका दिवशी करू नका, दुसरीत झोप येते.

फेरी ठरवताना

गाइडसोबतच्या फेऱ्या ढोबळमानाने तीन तऱ्हेच्या असतात. एक, गावातले जुने रहिवासी किंवा इतिहास मंडळाचे स्वयंसेवक काढतात ती. दुसरी, व्यावसायिक. तिसरी, रात्रीची भुताखेतांची. भुताच्या फेरीला माझा विरोध नाही, मुलांना ती आवडते. पण पहिली फेरी ती नसावी. अंधारात साल वाचता येत नाही.

पाहुण्यांच्या माहिती केंद्रात फोन करा. संकेतस्थळावर लिहिलेली वेळ खरी असेलच असं नाही, विशेषतः सुट्ट्यांमध्ये. फोनवर चार गोष्टी विचारून घ्या: भेटायची नेमकी जागा कुठली, एकूण चाल किती, वाटेत चढ किंवा पायऱ्या आहेत का, आणि उष्णता फार वाढली तर फेरी रद्द होते का. हा शेवटचा प्रश्न मी एका जानेवारीत विचारला नव्हता. पारा चाळिशीला टेकलेला, आम्ही सहा जण पाण्याच्या बाटल्या घेऊन ठरल्या कोपऱ्यावर अर्धा तास उभे. फेरी सकाळीच रद्द झाली होती आणि ते सांगणारा ईमेल माझ्या स्पॅममध्ये पडून होता.

मार्च ते मे आणि सप्टेंबर ते नोव्हेंबर हे दिवस चांगले. जुलैत बॅलरॅटला जाणार असाल तर मेलबर्नच्या थंडीवरून अंदाज बांधू नका. गाव चारशे मीटरहून जास्त उंचीवर आहे आणि वारा कानात शिरतो. आईने पहिल्या वेळी साडीवर फक्त स्वेटर घातला होता. दुसऱ्या वेळी कानटोपी स्वतःहून आठवणीने घेतली.

बूट बंद असावेत. खाणीत उतरायचं असेल तर सपाट, पूर्ण बंद बुटांशिवाय आत सोडत नाहीत. नवे कोरडे मोजे पिशवीत टाकून ठेवा. फेरी संपल्यावर बक्षिसी द्यायची का, हा प्रश्न आपल्याकडे हमखास निघतो. ऑस्ट्रेलियात ती पद्धत नाही. स्वयंसेवकांची फेरी असेल तर मंडळाच्या डब्यात देणगी टाका, ते त्यांना आवडतं.

चालताना कुठे बघायचं: बॅलरॅटची वाट

गाइड कसाही असो, बॅलरॅटमध्ये एक गोष्ट स्वतः करून बघा. आधी नकाशावर स्टर्ट स्ट्रीट पाहा: सरळसोट, ऐसपैस, मधोमध झाडं आणि पुतळे. मग पूर्वेकडचा मेन रोड पाहा. सापासारखा वळवळत जातो. स्टर्ट स्ट्रीट सरकारी मोजणीदाराने वरच्या पठारावर फूटपट्टीने आखला. मेन रोड कुणी आखलाच नाही. तो ओढ्याच्या आणि खड्ड्यांच्या कडेने माणसं चालत गेली तसा पडला. आपल्या जुन्या पेठेतला बोळ जसा घरांमधून वाट काढत जातो, तसाच. माझ्या मते सोन्याच्या धावपळीचं गावातलं सगळ्यात खरं स्मारक तो वाकडा रस्ताच आहे. त्याच्यावर पितळी पाटीही नाही.

दोन्ही रस्त्यांच्या मध्ये उतार लागतो. त्या उताराच्या डोक्यावर कॅम्प स्ट्रीट आहे. इथे सरकारची छावणी होती: कमिशनर, पोलीस, सैनिक. गाइड तिथे थांबवेल तेव्हा पूर्वेकडे तोंड करून उभे राहा. खाली सगळे खोदणारे, वर सगळे वसुली करणारे. पुढे जे झालं ते या चढउतारावरूनच अर्धं समजतं.

वसुली होती परवान्याची. सुरुवातीला महिन्याला तीस शिलिंग, सोनं सापडो न सापडो. पोलीस घोड्यावरून धाड घालायचे आणि परवाना अंगावर नसेल तर माणूस आत. धाड आली की खोदणारे एकमेकांना "जो! जो!" असं ओरडून सावध करत. चार्ल्स जोसेफ ला ट्रोब या गव्हर्नरच्या नावावरून ती आरोळी पडली म्हणतात. ऑक्टोबर १८५४ मध्ये जेम्स स्कोबी नावाचा खोदणारा युरेका हॉटेलजवळ मारला गेला. हॉटेलमालक सुटला, तेव्हा जमावाने हॉटेलच जाळलं. नोव्हेंबरअखेर बेकरी हिलवर परवान्यांची होळी झाली, दक्षिणेच्या ताऱ्यांचा निळा झेंडा चढला, आणि रविवारी, ३ डिसेंबर १८५४ च्या पहाटे सैन्याने खोदणाऱ्यांनी युरेका इथे उभारलेल्या लाकडी कोटावर हल्ला केला. झटापट पंधरा-वीस मिनिटांत आटोपली. वीसहून जास्त खोदणारे आणि काही सैनिक मेले.

गाइड इथवर सांगतोच. तुम्ही पुढचं विचारा: खटल्यांचं काय झालं? मेलबर्नमध्ये तेरा जणांवर राजद्रोहाचे खटले चालले आणि ज्युरीने एकूणएक सोडून दिले. त्यांतला पहिला होता जॉन जोसेफ, अमेरिकेहून आलेला कृष्णवर्णीय; सुटल्यावर लोकांनी त्याला खुर्चीत बसवून मिरवलं. उठावाचा पुढारी पीटर लेलर याचा हात कापावा लागला, पण वर्षभरात तो आमदार झाला आणि १८८० मध्ये सभापती. मासिक परवाना जाऊन त्या जागी वर्षाला एक पौंडाचा 'मायनर्स राइट' आला.

झेंडा बघायला युरेका सेंटरला जा. गावापासून थोडं लांब आहे, गुडघे दुखत असतील तर बस किंवा टॅक्सी घ्या. खोली जवळजवळ अंधारी ठेवलेली असते, नाहीतर कापड विटेल. झेंडा फाटका दिसतो, पण तो लढाईतच तेवढा फाटलेला नाही. आठवण म्हणून लोकांनी वर्षानुवर्षं त्याचे तुकडे कापून नेले. बाबा त्यापुढे बराच वेळ उभे होते. आमच्या गावच्या देवळातल्या जुन्या निशाणाचीही अशीच चिंधी झालीय, एवढंच म्हणाले.

बेंडिगो आणि कॅसलमेन

बेंडिगोत खाली उतरा. सेंट्रल डेबोरा खाण १९५४ मध्ये बंद झाली. पिंजऱ्याच्या लिफ्टने ६१ मीटर खाली नेणारी नेहमीची फेरी पुरेशी आहे, त्याहून खोल जाणाऱ्याही आहेत. वर आलात की पॉल मॉल या मुख्य रस्त्यावर चाला, मग इमारतींचा अर्थ लागतो. खालून एकेक गारगोटी फोडून आणलेला पैसा वर कारंजं आणि पोस्ट ऑफिस होऊन उभा आहे.

चिनी देऊळ चुकवू नका. इमू पॉइंटला लाल रंगवलेल्या विटांचं छोटंसं देऊळ आहे, साधारण १८७१ च्या सुमाराचं. चिन्यांना त्या काळी बोटीतून उतरताना माणशी १० पौंड कर होता. तो चुकवायला हजारो जण शेजारच्या दक्षिण ऑस्ट्रेलियातल्या रोब बंदरात उतरले आणि तिथून चारशेहून जास्त किलोमीटर चालत आले. गावातल्या गोल्डन ड्रॅगन म्युझियममध्ये ईस्टरच्या मिरवणुकीतले लांबच लांब ड्रॅगन आहेत. गणपतीच्या मिरवणुकीत वाढलेल्या माणसाला त्यांचं ओझं खांद्यावर घेणाऱ्यांची किंमत वेगळी सांगावी लागत नाही.

कॅसलमेनला गावात तासभर पुरतो, नंतर बाहेर पडायचं. शेजारी चूटनला १५ डिसेंबर १८५१ रोजी सुमारे १५ हजार खोदणाऱ्यांची सभा भरली होती. सरकार परवाना दुप्पट करणार होतं आणि सरकारला माघार घ्यावी लागली. युरेकाच्या तीन वर्षं आधीची ही गोष्ट, आणि इथे रक्त सांडलं नाही म्हणूनच बहुधा कमी लोकांना माहीत. आसपासचं रान बघा: झाडं बारीक, जमीन खड्ड्याढिगांची, वरची माती खाली आणि खालची वर. इथले मूळ रहिवासी जा जा वुरुंग लोक याला 'उलटापालटा झालेला देश' म्हणतात. त्यांच्यातल्या गाइडबरोबर चालायची संधी मिळाली तर बाकी सगळं सोडून ती घ्या.

आणि पेनीवेट फ्लॅट. पेनीवेट म्हणजे आपल्या मापात साधारण दीड मासा. सोनं तेवढंच, म्हणजे जवळपास नाहीच, म्हणून ती खडकाळ जागा पुरायला सोडलेली. १८५२ ते १८५७ या पाच वर्षांत तिथे सुमारे २०० जणांना पुरलं, बहुतेक लहान मुलं. ओढ्याचं गढूळ पाणी पिऊन हगवण लागायची. दगडांची छोटी छोटी चौकटं आहेत, बहुतेकांवर नाव नाही. तिथे गाइडही फारसं बोलत नाहीत. मुलांना घेऊन जायचं का ते तुम्ही ठरवा. मी माझ्या मुलीला ती दहा वर्षांची झाल्यावर नेलं.

रानात मळलेली वाट सोडू नका. जुन्या खाणींची तोंडं गवतात लपलेली असतात आणि उन्हाळ्यात साप असतात. फोटोसाठी दोन पावलं मागे सरकायची सवय तर इथे अगदीच नको.

माल्डनचा कार्मन्स टनेल आजी-आजोबांसाठी सोपा. ५७० मीटरचा बोगदा, पण सपाट, पायऱ्या नाहीत, हातात मेणबत्ती घेऊन जायचं. एवढा दगड फोडून त्यांना मिळालं नगण्य सोनं.

डबा

बेकरीत भाजी घातलेली पेस्टी मिळते, पण दुपारी दोननंतर उरेल असं धरून चालू नका. धपाटे आणि दही बरोबर ठेवा. शाकाहारी माणसाची इथली अडचण जुनीच आहे म्हणा. १८६० मध्ये ऑस्ट्रेलिया दक्षिणेकडून उत्तरेपर्यंत ओलांडायला बर्क आणि विल्सची मोहीम मेलबर्नहून निघाली. हा बर्क आधी बीचवर्थ आणि कॅसलमेनला पोलीस अधिकारी होता. त्या मोहिमेतल्या उंटांबरोबर हिंदुस्थानातून आलेल्या माणसांत सामला नावाचा एक हिंदू होता. शिध्यात गोमांस. थोड्याच दिवसांत तो मोहीम सोडून परत फिरला. ती मोहीम पुढे बर्क आणि विल्स दोघांच्याही मृत्यूने संपली, ते पाहता त्याचा सोवळेपणा त्याच्या पथ्यावरच पडला.

सोनं शेवटी

आता सॉव्हरिन हिलला खुशाल जा. खरं गाव पाहिल्यावर नाटकातलं गाव जास्त कळतं: तो उतार, ती छावणी, ती "जो!" आरोळी, सगळं ओळखीचं वाटतं. तिथल्या ओढ्यात परात घेऊन बसायला मुलं आणि आजोबा सारखेच उत्सुक असतात. सराफ कट्ट्यावर झारेकरी गटारातली माती धुताना ज्यांनी पाहिलेत त्यांना शिकवावं लागत नाही. परात पाण्याखाली धरून आधी जोरात हलवायची, म्हणजे जड सोनं तळाशी बसतं. मग ती किंचित कलती करून वरची वाळू पाण्याबरोबर थोडी थोडी जाऊ द्यायची. नवखा माणूस दुसऱ्या पायरीची घाई करतो आणि सोन्यासकट सगळं सोडून देतो. ओढ्यात सोनं संस्थाच टाकते, हे मुलांना आधी सांगू नका. सापडलेलं मात्र तुमचं.

खऱ्या रानात शोधायचं असेल तर आजही मायनर्स राइट काढावा लागतो. नाव तेच, १८५५ चं. आता तो दहा वर्षं चालतो. राष्ट्रीय उद्यानांत बहुतेक ठिकाणी मनाई आहे, तेव्हा जागा आधी तपासा. आणि फार आशा धरू नका. १८६९ मध्ये मोलियागुलला झाडाच्या मुळाशी, जमिनीखाली दोन-तीन सेंटिमीटरवर 'वेलकम स्ट्रेंजर' हा गोळा सापडला होता, आपल्या हिशोबाने सुमारे सहा हजार तोळे. तराजूत मावेना म्हणून डनोलीला ऐरणीवर फोडावा लागला. तसं पुन्हा झालेलं नाही.

बाबांनी दीड तास परात हलवून तीन कण मिळवले. ते पाण्याच्या इवल्या बाटलीत घालून घेतले आणि मिरजेला परतल्यावर नेहमीच्या सराफाला दाखवायला नेले. त्याने बाटली उजेडात धरली, भिंग लावून बराच वेळ पाहिलं आणि म्हणाला, "काका, सोनं खरंय. पण याला काटा नाही माझ्याकडे."